गार्डन ईल पाळायची तर आधी वाळू, मग प्रवाह, मग ईल

गार्डन ईल हा सापासारखा लांब, बारीक समुद्री मासा. ती अन्नाच्या मागे जात नाही. शरीराचा मागचा भाग वाळूतल्या बिळात रोवून ती प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते आणि वाहत येणारे कोपेपॉड (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव), माशांची अंडी, बारीक अळ्या एकेक करून टिपते. धोका दिसला की शेपटीच्या दिशेने सरळ खाली बिळात. एकदा बीळ केलं की मोठी ईल ते सहसा सोडत नाही. पाळणाऱ्याचं सगळं काम या एका सवयीतून ठरतं: वाळू किती खोल, पाणी कोणत्या दिशेने वाहतं, अन्न कुठून आणि दिवसातून किती वेळा सोडायचं, शेजारी कोण चालेल.

घरच्या टँकमध्ये ही ईल सहसा रोगाने जात नाही. वाळू उथळ असते म्हणून ती सतत धास्तावलेली राहते, अन्न तिच्यापर्यंत पोचत नाही, किंवा दांडगे शेजारी तिला डोकं वर काढू देत नाहीत. तिन्ही गोष्टी ईल आणण्याआधी हातात असतात. ईल आल्यावर त्यातलं फारसं दुरुस्त करता येत नाही, म्हणून खालची तयारी निदान दोन महिने आधी सुरू करा.

कोणती ईल

गार्डन ईल काँगर ईलच्या कुळातल्या. कोकणात बाजारात दिसणारी वाम याच गणातली, पण वेगळ्या कुळातली आणि अंगाने कितीतरी दांडगी. गार्डन ईलच्या पस्तीसेक जाती हेटेरोकाँगर आणि गोर्गासिया या दोन प्रजातींत विभागलेल्या आहेत. मत्स्यपालनाच्या बाजारात मुख्यतः दोनच दिसतात. एक ठिपकेवाली, हेटेरोकाँगर हासी: पांढुरक्या अंगावर बारीक काळे ठिपके आणि काही ठळक मोठे काळे डाग, त्यातला पहिला कल्ल्याच्या छिद्रापाशी. तिचं वर्णन १९५९ साली झालं आणि नाव हान्स हास या ऑस्ट्रियन पाणबुड्यावरून ठेवलं गेलं. दुसरी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची गोर्गासिया प्रेक्लारा. दोन्ही साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतात आणि अंगाने बोटाएवढ्याही जाड नसतात. ठिपकेवालीची पिल्लं जवळजवळ पूर्ण काळी आणि दोऱ्यासारखी बारीक असतात. ती विकायला आली तरी घेऊ नका, इतक्या बारीक तोंडाला दिवसभर अन्न पुरवणं घरी जमत नाही.

पहिल्यांदा पाळणाऱ्याने ठिपकेवालीच घ्यावी. पट्टेवाली दिसायला देखणी आहे, पण ती जास्त खोलीवरही राहणारी जात आहे आणि घरच्या टँकमध्ये रुळायला जास्त वेळ घेते. पुढची मापं ठिपकेवालीसाठी आहेत.

टँक आणि त्याचं वजन

सहा ईलसाठी १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ७५ उंच टँक धरा. उंचीवर तडजोड करू नका. २५ सेंटिमीटर वाळूत जातात, वर ५ सेंटिमीटर मोकळे राहतात, म्हणजे पाणी ४५ सेंटिमीटरच उरतं. यापेक्षा कमी पाण्यात ईल अंग पूर्ण वर काढत नाही, आणि मग पाळण्यातली सगळी मजाच जाते.

वाळू पूर्ण तळाला पसरायची गरज नाही. एका टोकाकडचा ८० सेंटिमीटरचा भाग वाळूचा आणि उरलेला ४० सेंटिमीटरचा खडकांचा करा. मध्ये २५ सेंटिमीटर उंच, ८ ते १० मिलिमीटर जाड काचेची पट्टी सिलिकॉनने चिकटवा. ॲक्रिलिकची पट्टी स्वस्त पडते, पण सिलिकॉन तिला नीट धरत नाही आणि वाळूचा दाब एका बाजूने असल्यामुळे काही महिन्यांत ती सुटते. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं घ्या आणि पाणी भरण्याआधी आठवडाभर सुकू द्या. खडक टँकच्या तळावरच टेकलेले हवेत. वाळूवर ठेवलेला खडक खालून बिळं झाली की कलतो, आणि त्याखाली ईल असली तर चिरडते.

आता वजन. ८० × ६० × २५ सेंटिमीटर म्हणजे १२० लिटर वाळू, कोरडी मोजली तर सुमारे १७५ किलो. पाणी, काच, खडक, स्टँड आणि सम्प (टँकखालची गाळणीची टाकी) धरून सगळं मिळून ८५० ते ९०० किलोंच्या घरात जातं, आणि हा भार पाऊण चौरस मीटरहून कमी जागेवर येतो. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आखतात. तळमजला असेल तर काळजी कमी. वरच्या मजल्यावर टँक भिंतीला लागून, बीमच्या वर आणि बीमला आडवा बसवा, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष जागा दाखवा. दुकानदाराचं «काही होत नाही साहेब» इथे चालणार नाही.

झाकण घट्ट हवं. नवी ईल पहिल्या काही रात्री काचेच्या कडेने वर चढते आणि पाइपसाठी ठेवलेल्या खाचेतूनही बाहेर पडते. ५ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी लावा, वायरींची भोकं स्पंजने बुजवा. ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या पेटीच्या) दातांवर आणि प्रत्येक पंपाच्या तोंडावरही जाळी लावा, कारण माशाला अडवणारे दात ईलला अडवत नाहीत. सकाळी ईल सम्पमध्ये सापडली तर ती नशीबवान समजायची.

वाळू

बीळ कसं होतं हे आधी नीट समजून घ्या, मग वाळू निवडणं सोपं जातं. ईलच्या शेपटीचं टोक कडक आणि अणकुचीदार असतं, शेपटीचा पर त्यात जवळजवळ विरून गेलेला असतो. हे टोक वाळूत टेकवून ती अंग लाटेसारखं हलवते आणि उलटी आत शिरते. त्वचेतून चिकट स्राव सुटतो. तो भिंतीच्या वाळूच्या कणांना धरून ठेवतो आणि बीळ कोसळत नाही. आत पडलेली वाळू ती पाठीच्या पराच्या हालचालीने बाहेर ढकलते. अंगावर खवले नसतात, त्यामुळे हा स्राव हेच तिचं संरक्षण, आणि खरबरीत वाळू तिच्या कातडीला थेट लागते.

म्हणून ०.५ ते १ मिलिमीटरच्या दाण्याची, गोलसर कडांची अरागोनाइट (चुनखडीच्या जातीचं खनिज) वाळू घ्या आणि तिच्यात एक चतुर्थांश भाग त्याहून बारीक वाळू मिसळा. नुसती जाड वाळू स्रावाने बांधली जात नाही. भिंत ढासळते, ईल दिवसभर दुरुस्तीच करत राहते आणि शेपटीजवळ लाल ओरखडे दिसू लागतात. नुसती पिठासारखी वाळू घट्ट बसते आणि जरा प्रवाह वाढला की उडून सगळा टँक गढूळ होतो. शिंपल्यांचे तुकडे असलेली «क्रश्ड कोरल» या कामाची नाही.

वाळू किनाऱ्यावरून आणू नका. बंदर आणि नदीमुखाजवळच्या वाळूत तेल आणि गाळ असतो. प्रवाळाचे तुकडे उचलणं तर भारतात गुन्हा आहे: प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. लक्षद्वीपहून कुणी «खास वाळू» किंवा खडक आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. खडकांच्या भागात सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार खडक चालतात.

खोली २० सेंटिमीटर हे किमान, २५ चांगली आणि पूर्ण वाढलेल्या ईलसाठी ३० उत्तम. बीळ सरळ उभं नसतं, नागमोडी असतं, म्हणून ३५ सेंटिमीटरची ईल २५ सेंटिमीटर वाळूत पूर्ण लपू शकते. १० सेंटिमीटर वाळूत मात्र तिची शेपटी तळाच्या काचेला लागते. अशी ईल वारंवार जागा बदलते, आणि हे दिसलं की खोली कमी आहे असं समजून मोकळं व्हावं.

भरण्याची रीत अशी. वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन पाणी निवळ येईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी आरओचं. टँकमध्ये आधी १५ सेंटिमीटर मिठाचं पाणी भरा. मग वाळू ५-५ सेंटिमीटरच्या थरांनी, प्लास्टिकच्या मगने पाण्याखाली सोडा आणि प्रत्येक थर हाताने हलके थोपटा. कोरडी वाळू एकदम ओतून वर पाणी सोडलं तर आत हवेचे खिसे राहतात. ते नंतर फुटतात आणि तिथली बिळं खचतात. सगळे थर झाले की उरलेलं पाणी वाळूवर बशी ठेवून, बशीवर हळूहळू ओता.

यानंतर निदान सहा आठवडे टँक रिकामा चालवा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तिथे टिकले पाहिजेत. तिसऱ्या आठवड्यानंतर जिवंत कोपेपॉडच्या एक-दोन बाटल्या बीज म्हणून सोडा. ती खडकांत आणि वाळूच्या वरच्या थरात वाढतात आणि पुढे ईलच्या अन्नात भर घालतात.

इतक्या खोल वाळूच्या तळाशी ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेट मोडतात, तो फायदा. पण त्याच थरात हायड्रोजन सल्फाइडही तयार होऊ शकतो. काचेतून तळाशी काळपट डाग दिसणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. डाग दिसला म्हणून नळी खुपसून वाळू ढवळली तर मात्र साठलेला वायू एकदम पाण्यात येतो, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि तासाभरात मासे धापा टाकू लागतात. वाळूच्या वरच्या १ सेंटिमीटरपलीकडे सायफन कधीही घालू नका.

प्रवाह

ईलचं ताट पाणी वाढतं. प्रवाह नसेल तर अन्न जागच्या जागी खाली बसतं, आणि खाली बसलेलं अन्न ती क्वचितच उचलते. प्रवाह फार असेल तर ती अंग आत घेते.

हे मोजून पाहिलेलं आहे. ओकिनावातल्या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच ठिपकेवाली ईल वाळूचा तळ असलेल्या कृत्रिम प्रवाहात ठेवली होती. पाण्यातलं अन्न दाट केलं तसं खाणं वाढत गेलं. प्रवाह वाढवल्यावर तसं सरळ वाढलं नाही, आणि सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाला खाणं उलट घटलं. तेवढ्या वेगात ईल अंगाचा कमी भाग बाहेर ठेवते, म्हणजे पाण्याचा ओढ कमी बसतो, पण तोंड पोचेल अशी जागाही कमी उरते. तांबड्या समुद्रात इस्रायलमधल्या एलातजवळ गोर्गासिया सिलनेरी या जातीवर झालेल्या अभ्यासातही तेच दिसलं: प्रवाह वाढला की ताठ उभी ईल वाकते आणि खाली सरकते.

म्हणून टँकमध्ये वाळूच्या वर १५ सेंटिमीटर उंचीला वेग सेकंदाला १० ते १५ सेंटिमीटर ठेवा. मोजायला यंत्र लागत नाही. काचेवर ३० सेंटिमीटर अंतरावर टेपच्या दोन खुणा करा, वितळवलेल्या आर्टेमियाचा (माशांचा खाऊ म्हणून मिळणारे बारीक कोळंबीसारखे जीव) एक कण सोडा आणि घड्याळ लावा. दोन खुणांमधलं अंतर ३ सेकंदांत कापलं तर वेग १०, दोन सेकंदांत कापलं तर १५. सव्वा सेकंदाच्या आत कण पार गेला तर पंप कमी करायलाच हवा.

पंप रुंद फवाऱ्याचा घ्या आणि खडकांच्या टोकाला, पाण्याच्या वरच्या अर्ध्यात बसवा. ओव्हरफ्लो समोरच्या, वाळूच्या टोकाला. म्हणजे पाणी खडकांवरून ईलच्या दिशेने एकाच बाजूने वाहतं आणि सगळ्या ईल एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहतात. धार सरळ वाळूवर पडली तर दोन दिवसांत तिथे खड्डा होतो. इकडून तिकडे धार बदलणारे वेव्हमेकर प्रवाळांच्या टँकसाठी ठीक, इथे निदान खाण्याच्या वेळी प्रवाह एकाच दिशेने ठेवा.

पाणी

तापमान २४ ते २६ अंश, क्षारता हजारी ३५, पीएच ८.१ ते ८.३, नायट्रेट २० पीपीएमच्या खाली. पुण्या-नागपुरात एप्रिल-मे मध्ये चिलरशिवाय हे तापमान राहत नाही. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी झपाट्याने उडतं आणि क्षारता चढते. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या आरओ पाण्याने करायची, मिठाच्या पाण्याने नाही.

दिवसातून चार-पाच वेळा अन्न पडणार असल्यामुळे स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र) टँकच्या आकाराला सांगितलेल्यापेक्षा एक माप मोठा घ्या. दर आठवड्याला ६० लिटर पाणी बदला. त्याला लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आसपास सॉल्ट मिक्स लागतं. खर्चाच्या वहीत ही रक्कम पहिल्या महिन्यापासून धरा.

वीज गेली की खोल वाळूतले जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढत राहतात आणि भरवणारा पंप बंद असतो. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप बसवा. पावसाळ्यात लाइट जाणाऱ्या गावांत मुख्य पंपालाही इन्व्हर्टर हवा.

ईल निवडणं आणि सोडणं

एकटी ईल आणू नका. समुद्रात या शेकड्यांनी, कुठे हजारोंनी वसाहत करून राहतात, आणि शेजारी दिसत नसली की एकटी ईल दिवसचे दिवस आतच बसते. साधारण सारख्या आकाराच्या पाच-सहा एकदम घ्या. ८० × ६० सेंटिमीटरच्या वाळूत सहा बसतात. त्यापलीकडे गेलात तर एकीचं तोंड दुसरीपर्यंत पोचतं आणि भांडणं सुरू होतात, त्यात नर विशेष.

दुकानात ईल उघड्या काचेच्या टँकमध्ये कोपऱ्यात गुंडाळून पडलेली असेल तर ती किती दिवस तशी आहे ते विचारा. एका दिवसाची ठीक, आठवड्याची नको. वाळूच्या ट्रेमध्ये ठेवणारा दुकानदार दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडूनच घ्या. शेपटीचं टोक अखंड आहे का, नाकाडावर लाली किंवा पांढुरकी बुरशी आहे का, हे पाहा. डोक्यामागची पाठ पाहा. ती भरलेली, गोल हवी. डोकं अंगापेक्षा मोठं दिसत असेल आणि मागे खोबण पडली असेल तर ती उपाशी आहे, आणि अशी ईल क्वचितच सावरते. समोर खाऊन दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाळीने पकडू नका, अंगावरचा स्राव जाळीला निघून येतो. भांड्यात पाण्यासकट घ्या. घर जवळ असेल तर पिशवी वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि तासाभर थेंबाथेंबाने टँकचं पाणी घाला. पार्सलने दहा-बारा तासांहून जास्त वेळ आलेली पिशवी असेल तर वेगळं करा. तिच्यात अमोनिया साठलेला असतो. पिशवी बंद असताना पीएच उतरलेला असल्यामुळे तो फारसा बाधत नाही, पण पिशवी उघडून हवा लागली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहरी होतो. अशा वेळी तापमान जुळवा, क्षारता आधीच मोजून जुळवलेल्या पाण्यात ईल लगेच हलवा, पिशवीतलं पाणी टाकून द्या.

टँकचे दिवे बंद, खोलीतला उजेड मंद आणि प्रवाह निम्मा ठेवा. भांडं वाळूपर्यंत खाली नेऊन आडवं करा. ईल काचेला लागून फिरेल, मग थांबून शेपटीने वाळू चाचपेल आणि उलटी आत शिरेल. कधी काही मिनिटांत, कधी रात्र जाते. काडीने भोक करून देणं किंवा हाताने वाळूत खुपसणं हे दोन्ही करू नका. पहिले दोन-तीन दिवस एकही ईल दिसणार नाही असं धरूनच चाला. दुसऱ्या दिवसापासून अन्न मात्र सोडायला लागा, थोडंच.

क्वारंटाइनचा प्रश्न इथे जरा अवघड आहे. उघड्या टँकमध्ये ईल ताणानेच खचते, म्हणून क्वारंटाइनमध्ये २० सेंटिमीटर वाळू भरलेला खाद्यदर्जाचा प्लास्टिकचा क्रेट ठेवावा लागतो. तांब्याचं औषध वापरू नका. खवले नसलेल्या माशांना ते सोसत नाही, शिवाय अरागोनाइट वाळू तांबं शोषून घेते, त्यामुळे मात्रा टिकतही नाही. चार आठवडे नुसतं निरीक्षण करा. सगळ्यांत बरं म्हणजे टँकमध्ये ईल पहिल्या सोडा आणि नंतर येणारे मासे वेगळे ठेवून, उपचार करून आणा.

खाऊ घालणं

सर्वांत जास्त कष्ट इथे आहेत. ईलचं तोंड लहान, वरच्या अंगाला वळलेलं, आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे. ती एकेक कण पाहून, नेम धरून उचलते. दिवसातून एकदा भरपूर टाकलेलं अन्न दोन मिनिटांत तिच्यासमोरून वाहून जातं, तिला मिळतं ते चार घास. दिवसातून निदान चार वेळा, शक्य तर सहा वेळा, थोडं थोडं सोडा. नोकरीमुळे हे जमत नसेल तर डोसिंग पंप (ठरल्या वेळी ठरलेलं माप सोडणारा) लावा, आणि तोही नसेल तर ही ईल आणू नका.

रोजचं अन्न मिश्र असावं: गोठवलेले सायक्लॉप्स आणि कॅलेनस (दोन्ही कोपेपॉडच), बारीक चिरलेली मायसिस (कोळंबीसारखा छोटा जीव), आणि जोडीला जिवंत आर्टेमिया. गोठवलेलं अन्न टँकच्याच पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीने गाळा आणि गढूळ पाणी फेकून द्या. तो रस ईल खात नाही, नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र वाढवतो.

आर्टेमिया घरी उबवता येतात. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, एक छोटा चमचा अंडी, २६ ते २८ अंश तापमान, वर उजेड आणि तळापासून जोरात हवा. उलट्या टांगलेल्या, बूड कापलेल्या बाटलीत हे सोयीचं पडतं. २४ तासांच्या आसपास पिल्लं फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर येतात, नारिंगी पिल्लं तळाशी जमतात. बारीक नळीने तळचं काढा, गाळा, गोड्या पाण्याने धुवा. टरफलं टँकमध्ये जाऊ देऊ नका. ताज्या पिल्लांत पिवळ्या बलकाचं पोषण असतं, ते काही तासांतच संपतं, म्हणून लगेच वापरा. उरलेली पिल्लं सहा-आठ तासांनी स्वतः खायला लागतात. तेव्हा त्यांच्या पाण्यात शैवालाचा अर्क किंवा ओमेगा-३ चं मिश्रण घालून बारा तास ठेवा आणि मगच द्या. उपाशी आर्टेमियाने ईलचं पोट भरतं, अंग भरत नाही.

सोडण्याची जागा पंपासमोर, पहिल्या ईलपासून वीसेक सेंटिमीटर आधी आणि वाळूपासून तेवढ्याच उंचीवर ठेवा. कडक प्लास्टिकची बारीक नळी तिथे कायमची बसवून टाका आणि वरून सिरिंजने अन्न ढकला. हात टँकवर फिरला की ईल आत जातात, नळीने तो प्रश्न सुटतो. शेवटच्या ईलपर्यंत कण पोचतो का ते पाहा. पुढच्या तिघी गुबगुबीत आणि मागच्या बारीक होत असतील तर दुसरी नळी मधोमध लावा.

डोसिंग पंपाने दिवसभर अन्न द्यायचं असेल तर वितळवलेलं अन्न थंड राहिलं पाहिजे. लहान फ्रिजमध्ये बाटली ठेवून नळी बाहेर काढा आणि बाटलीत मंद हवा किंवा ढवळणी चालू ठेवा, नाहीतर सगळं तळाशी बसतं आणि पंप नुसतं पाणी देतो. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेली बाटली दोन तासांत आंबते. नळी रोज रात्री गरम पाण्याने धुवा.

उरलेलं अन्न वेचायला नासारियस गोगलगाई दहा-बारा पुरेत. वाळू चाळणारे गोबी, वाळूत फिरणारे तारामासे आणि खेकडे नकोत, ते बिळं मोडतात.

शेजारी

ट्रिगरफिश, मोठे रास (wrasse), हॉकफिश, एंजलफिश, पफर यांच्यासोबत गार्डन ईल कधीही ठेवू नका. समुद्रात ट्रिगरफिश त्यांची शिकार करतात. स्नेक ईल तर वाळूतून, खालून येतात. समुद्रफुलंही (सी ॲनिमोन) नकोत, रात्री भटकणारी ईल त्यांना चिकटते. चालतात ते शांत, लहान तोंडाचे मासे: फायरफिश, पाइपफिश, छोटे कार्डिनल. पण पाण्यात तरंगणारं अन्न झटपट फस्त करणारे क्रोमिसचे थवे ईलच्या वाटणीचं खातात, त्यांना टाळलेलं बरं.

माणूसही शेजारीच. टोकियोतल्या सुमिदा मत्स्यालयात सुमारे ३०० गार्डन ईल आहेत. २०२० च्या वसंतात करोनामुळे प्रेक्षक बंद झाले आणि काही आठवड्यांत या ईल माणसांना विसरल्या. कर्मचारी दिसले की बिळात जाऊ लागल्या, त्यामुळे तब्येत तपासणंही जड झालं. शेवटी ३ ते ५ मे या दिवसांत टँकसमोर टॅब्लेट लावून लोकांना व्हिडिओ कॉल करून चेहरे दाखवायला बोलावलं गेलं. घरच्या टँकसाठी यातून घ्यायचं ते एवढंच, की टँक बंद खोलीत ठेवू नका. जिथे घरची माणसं रोज शांतपणे ये-जा करतात अशी जागा द्या. तीन बाजूंना गडद पार्श्वभूमी लावा, दिवे वीस-तीस मिनिटांत हळूहळू चढू-उतरू द्या आणि अन्न रोज त्याच वेळी, त्याच बाजूने द्या. दोन-तीन महिन्यांत तुम्ही काचेजवळ आलात तरी त्या अर्ध्याच आत जातात आणि लगेच पुन्हा वर येतात.

काय बिघडलं ते ओळखणं

नुसतं डोकं बाहेर, अंग आत: आधी प्रवाह मोजा, मग शेजारी पाहा. दोन्ही ठीक असतील तर नवा दिवा किंवा काचेवर पडणारं नवं प्रतिबिंब शोधा.

दिवसाढवळ्या वाळूबाहेर पोहणारी ईल: पहिल्या आठवड्यात चालतं. नंतर दिसलं तर अमोनिया तपासा, वाळूची खोली मोजा, शेजारणीशी भांडण आहे का पाहा. वाळूत जागा असेल तर भांडकुदळ ईल स्वतःच दूर बीळ करते.

दोन ईलनी बिळं जवळ आणली आणि अंगाला अंग वेढू लागल्या तर ती जोडी आहे, भांडण नाही. त्यांना हलवू नका. अंडी पाण्यात तरंगतात आणि त्यातून पानासारख्या चपट्या, पारदर्शक अळ्या निघतात. त्या समुद्रात दीर्घकाळ वाहत राहतात, घरच्या टँकमध्ये त्या वाढवण्याचा भरवसा धरू नका.

ईल दिसेनाशी झाली: टँकमागची फरशी, सम्प, ओव्हरफ्लोची पेटी, याच क्रमाने शोधा. सापडली नाही तर वाळू उकरू नका. अमोनिया सात दिवस रोज तपासा. वाढला तर ती आत मेलेली असू शकते, तेव्हा पाणी दररोज २० टक्के बदला आणि स्किमर जोरात चालवा. न वाढला तर थांबा. आठवडाभर आत बसून पुन्हा वर आलेल्या ईल असतात.

डोक्यामागे खोबण दिसू लागली: अन्नाचं प्रमाण न वाढवता वेळा वाढवा, दोन आठवडे जिवंत आर्टेमिया आणि कोपेपॉड रोज द्या. या काळात क्रोमिससारखे चपळ मासे असतील तर ते बाहेर काढा, ईल नव्हे. ईल बाहेर काढायची म्हणजे वाळू उपसावी लागते, आणि त्यात ती जखमी होते.

सुट्टीवर जाताना टँक शेजाऱ्याकडे सोपवायचा असेल तर अन्न आधीच एका वेळेच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, प्रत्येकीवर वार आणि वेळ लिहा, आणि निघण्याआधी दोन दिवस त्यांच्याकडूनच खाऊ घालून घ्या.